पोर्तुगीज गावाची कादंबरी इंग्रजीच्या दारातून आणू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पोर्तुगालच्या दक्षिणेला आलेंतेझू नावाचा मुलूख आहे. देशाची जवळजवळ एक तृतीयांश जमीन त्याने व्यापली आहे, पण वस्ती विरळ. एव्होरा, बेझा, पोर्तालेग्र ही तिथली जिल्ह्याची ठिकाणे. या मुलखातले एक गाव घ्यायचे आणि तिथल्या दहा-पंधरा माणसांची एकमेकांत गुंतलेली आयुष्ये सांगायची, अशा कादंबऱ्या पोर्तुगीज भाषेत चांगल्या रुजल्या आहेत. त्या मराठीत याव्यात आणि मराठवाड्यात तर आवर्जून वाचल्या जाव्यात. मात्र त्या इंग्रजी भाषांतरावरून आणू नयेत. थेट पोर्तुगीजमधून आणाव्यात, आणि त्यांना शब्द द्यायचे ते परभणी, बीड, लातूरच्या शिवारातले द्यावेत.

यात प्रांताभिमान नाही, कारण जमिनीतच आहे. बेझाच्या आसपास 'बार्रूश' म्हणतात ती काळी चिकण जमीन पसरली आहे. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, पावसात ती पायाला गोळ्यांनी चिकटते. मातीच्या शास्त्रात ती आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीच्याच गटात बसते. बाकीचा बराच भाग हलका, बरड. पाऊस थोडा आणि बेभरवशाचा. १९२९ साली तिथल्या सरकारने गव्हाची मोठी मोहीम काढली, तेव्हा उताराच्या बरड जमिनीही नांगराखाली आल्या आणि माती धुपून गेली. मोठमोठ्या जमिनी थोड्या घराण्यांच्या हातात, उरलेले गाव रोजंदारीवर. असे गाव मराठीत उभे करायला लागणारे शब्द इंग्रजीजवळ नाहीत. आपल्याजवळ आहेत, आणि वापरातले आहेत.

या कादंबऱ्यांची बांधणी आधी लक्षात घ्यावी. एक प्रकरण विधवेचे, दुसरे गुराख्याचे, तिसरे फ्रान्सला मजुरीला जाऊन परतलेल्याचे. पहिल्या प्रकरणात जो माणूस नुसता दारावरून जाताना दिसतो, त्याच्या घरात आपण पाचव्या प्रकरणात शिरतो. हे सांधे मोठ्या घटनांनी जोडलेले नसतात. एखादे टोपणनाव, एक हाक, कामाचा एखादा शब्द पुन्हा येतो आणि वाचकाला ओळख पटते. तो शब्द भाषांतरात दर वेळी बदलला की सांधा निखळतो. दुसऱ्या प्रकरणातला 'मुकादम' सहाव्यात 'पर्यवेक्षक' झाला, तर वाचकाला तो नवाच माणूस वाटतो.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते मजुरीच्या शब्दांचे. आलेंतेझूच्या शेतात दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठ तासांचा दिवस मिळाला तो १९६२ च्या संपांनंतर. मजूर गावच्या चौकात उभे राहत, त्या जागेला 'प्रासा द झोर्ना' म्हणत. झोर्ना म्हणजे एका दिवसाची मजुरी. इंग्रजीवरून ते 'दैनंदिन वेतन' होऊन येईल. आपल्याकडे त्याला नुसते 'रोज' म्हणतात, आणि "रोज काय देता?" हा प्रश्न त्या चौकात जसाच्या तसा चालतो. चौक म्हणजे मजूर अड्डा. माणसे निवडून टोळी पुढे घालून नेणारा 'मानाझेरू' हा मुकादम. तो मालकाचा माणूस असतो आणि मजुरांच्या गावचाही असतो. या दुहेरी ओढीवर कादंबरीतली कितीतरी भांडणे उभी असतात, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या गावांतल्या वाचकाला ती समजावून सांगावी लागत नाहीत.

पण इथेच एक सावधगिरी हवी. आपला मुकादम उचल देतो, आणि त्या उचलीने मजूर हंगामभर बांधला जातो. आलेंतेझूतली बांधणी निराळी होती. तिथे मजूर बहुधा आठवड्याच्या बोलीने घेतला जाई. कामाचे हात जास्त आणि कामाचे दिवस कमी, म्हणून तो बांधलेला असे. ज्याने तोंड वर केले त्याला पुढच्या आठवड्याला चौकात कुणी विचारत नसे. तेव्हा 'मुकादम' घ्यावा, पण त्याच्या मागोमाग 'उचल' येऊ देऊ नये.

'एंप्रेइतादा', म्हणजे कामाचा ठोक सौदा करून घेतलेले काम, हे आपल्याकडचे 'गुत्तं'. पुण्याकडचा संपादक तिथे 'ठेका' किंवा 'कंत्राट' करील, पण कंत्राट म्हटले की रस्ता आणि पूल डोळ्यांपुढे येतात, शेत येत नाही. गव्हातले तण काढायचे काम, 'मोंदा', बाया करीत. ते 'खुरपण'. मालकाच्या जमिनीत वाट्याने गहू पेरणे ही 'बटई'. 'एइरा' म्हणजे खळे. कापणी झाल्यावर मागे राहिलेली कणसे गरिबांनी वेचणे, याला मराठीत 'सरवा वेचणे' हा नेमका शब्द आहे. तो असताना 'उरलेले धान्य गोळा करणे' असे लिहिणे म्हणजे भरलेल्या घरात उसनवारी करणे. मालकाच्या वतीने जमीन सांभाळणारा 'फेइतोर' मात्र 'कारभारी' करू नये. "तिचा कारभारी आला" या वाक्यात आपल्याकडे नवरा येतो. तिथे 'दिवाणजी' बरा.

'रातिन्यू' हा शब्द सर्वांत अवघड. अर्थ 'छोटा उंदीर'. उत्तरेकडच्या बैरा भागातले डोंगरी लोक सुगीला टोळ्यांनी खाली उतरत आणि कमी रोजावर कापणी करीत, म्हणून आलेंतेझूच्या मजुरांनी त्यांना दिलेले हे तुच्छतेचे नाव. 'स्थलांतरित कामगार' लिहिले की त्यातला राग आणि त्या रागामागची भूक दोन्ही जातात. मूळ शब्द ठेवावा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडावा, आणि पुढे तोच चालवावा.

काही वेळा कादंबरीत नुसते एका गावाचे नाव येते आणि माणसे गप्प होतात. 'बालेइझांव' हे असे गाव. १९ मे १९५४ रोजी तिथे कापणीच्या मजुरीवरून तंटा चालू असताना कातारीना एउफेमिया ही शेतमजूर बाई राष्ट्रीय गार्डच्या अधिकाऱ्याच्या गोळीने मेली. पोर्तुगीज वाचकाला तारीख सांगावी लागत नाही, मराठी वाचकाला तळटीप द्यावी लागेल. अशी तळटीप दोन ओळींची असावी. इतिहासाचा धडा झाली की कादंबरी तुटते.

सरकारी हुद्द्यांचे काम त्या मानाने सोपे आहे. 'कोंसेल्यू' म्हणजे साधारण तालुका, 'दिश्त्रितू' म्हणजे जिल्हा. हुकूमशाहीच्या काळात वरून नेमलेला गावचा 'रेझेदोर' हा आपल्या पोलीस पाटलाच्या जवळचा. 'मोंत' या शब्दाशी मात्र जपून. कोशात त्याचा अर्थ डोंगर. आलेंतेझूत मोंत म्हणजे शेतातल्या उंचवट्यावरचे, चुन्याने पांढरे केलेले, तळाला निळा किंवा पिवळा पट्टा ओढलेले मालकाचे घर आणि त्याभोवतीची गोठा-कोठारे. कोश पाहून काम करणारा भाषांतरकार नायकाला संध्याकाळी डोंगरावर झोपायला पाठवतो. परभणी-नांदेडकडचा शेतावरचा 'आखाडा' जवळ जातो, पण आखाड्यावर गडी राहतो, मालक राहत नाही. म्हणून मालकाचे घर असेल तिथे 'मळ्यातला वाडा' म्हणावे.

जमिनीचा इतिहासही शब्दांत अडकलेला आहे. २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये हुकूमशाही उलथली. १९७५ साली आलेंतेझूतल्या शेतमजुरांनी मोठ्या जमिनी ताब्यात घेऊन सामुदायिक शेती सुरू केली. अशी जमीन दहा लाख हेक्टरांच्या वर गेली. १९७७ च्या कायद्याने ती मालकांकडे परत जायला सुरुवात झाली. मराठवाड्याचा वाचक हे १७ सप्टेंबर १९४८ आणि त्यानंतरच्या १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याशी ताडून पाहणार, ते साहजिक आहे. पण भाषांतरात 'कूळ' शब्द घालू नये. ज्यांनी जमिनी ताब्यात घेतल्या ते बहुतेक मजूर होते, कूळ नव्हते. त्यांच्या नावावर खंडाची पावतीसुद्धा नव्हती. हा फरक पुसला तर १९७७ नंतरची त्यांची हतबलता समजणार नाही.

आता ऋतू. हे साधे वाटते, पण इथे शब्द बरोबर असूनही अर्थ उलटा पोहोचतो. आलेंतेझूत पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल पडतो. गहू पावसाळ्याच्या तोंडावर पेरायचा, जूनमध्ये कापायचा. आपल्याकडे 'जून' म्हटले की मृग, ढग आणि पेरणीची घाई. कादंबरीत जूनमध्ये बाई आभाळाकडे बघते ती पावसाच्या आशेने बघत नसते. उन्हाने करपलेल्या कापणीचे अजून किती तास उरले ते बघत असते. ऑगस्ट म्हणजे आपला श्रावण, तिथे मात्र सगळे रान पिवळे पडलेले आणि उष्मा चाळिशीच्या पुढे. महिन्यांची नावे बदलू नयेत. त्याऐवजी पहिल्याच प्रकरणात कापणी, धूळ, आटलेला ओढा यांचे एखादे वाक्य असतेच, ते नीट उठावदार करावे. मग वाचक पुढे चुकत नाही.

काळ्या कपड्यांचेही असेच. म्हातारी काळ्या कपड्यांत दारात बसली आहे, एवढेच मूळ लेखक लिहितो, आणि तिथल्या वाचकाला ती विधवा आहे हे कळते. जुन्या पिढीतल्या कितीतरी बायांनी नवरा गेल्यावर आयुष्यभर काळेच नेसले. मराठी वाचकाला काळी साडी म्हणजे संक्रांतीची चंद्रकळा. इथे 'नवरा गेल्यापासून' हे दोन शब्द भाषांतरकाराने खुशाल घालावेत.

बुचाच्या झाडाचा घोटाळा तर ठरलेलाच. आलेंतेझूच्या रानात 'सोब्रेरू' असतो. हा ओक जातीचा वृक्ष, त्याच्या सालीपासून बाटलीचे बूच होते. 'बुचाचे झाड' असे भाषांतर केले तर मराठी माणसाला पांढऱ्या सुवासिक फुलांची गगनजाई दिसते, कारण आपण त्याच झाडाला बूच म्हणतो. 'सोब्रेरू' हेच नाव ठेवावे. आणि त्याचे काम समजून घ्यावे, कारण कादंबरीतला काळ पुष्कळदा या झाडावर मोजलेला असतो. छातीच्या उंचीवर, १.३ मीटरवर, खोडाचा घेर ७० सेंटिमीटर झाल्याशिवाय पहिली साल काढता येत नाही. तोवर साधारण २५ वर्षे जातात. त्यानंतर दर ९ वर्षांनी. पहिल्या दोन वेळची साल खडबडीत निघते, बाटलीच्या बुचाजोगी साल तिसऱ्या खेपेला, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर. मे ते ऑगस्ट या काळात झाड रसावर असते आणि साल सुटी होते, तेव्हाच कुऱ्हाड चालवायची. घाव नेमका सालीपुरता बसला पाहिजे. आतल्या पापुद्र्याला लागला तर तिथे पुन्हा चांगली साल धरत नाही, झाड खंगते. म्हणून हे काम करणाऱ्याला शेतमजुरात सर्वांत जास्त रोज मिळे. सोललेले खोड आधी तांबूस दिसते, मग काळवंडत जाते, आणि त्यावर रंगाने वर्षाचा शेवटचा आकडा लिहितात. खोडावर ७ असेल तर साल ७ ने संपणाऱ्या वर्षी काढली, पुढची पाळी ६ ने संपणाऱ्या वर्षी. लेखक प्रकरणाच्या सुरुवातीला वर्ष न सांगता नुसता झाडावरचा आकडा दाखवतो, तेव्हा हे माहीत नसलेला भाषांतरकार तो आकडा फालतू समजून गाळून टाकतो, आणि एका पिढीचा हिशेब हरवतो.

जेवणाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. युरोपात कोथिंबीर मुबलक वापरणारे मुलूख थोडे, त्यातला हा एक. 'आसोर्दा' हे तिथले गरिबाचे जेवण: लसूण, कोथिंबीर आणि जाडे मीठ खलात कुटायचे, त्यावर ऑलिव्हचे तेल, मग उकळते पाणी ओतायचे. त्याच पाण्यात आधी अंडे फोडून शिजवून घेतलेले असते. शेवटी शिळ्या पावाचे तुकडे. पाव शिळाच हवा, ताजा असेल तर लगदा होतो. इंग्रजीत याचे 'ब्रेड सूप' होते. आपल्याकडे शिळ्या भाकरीचा कुस्करा करणाऱ्या घरात 'पावाचा कुस्करा' लगेच कळेल, आणि गरिबीही कळेल.

नावांकडे फार लक्ष द्यावे लागते. इंग्रजी लिपीतून आलेला 'जोस' किंवा स्पॅनिशच्या वळणाचा 'होजे' मराठीत बसला की बसलाच. पोर्तुगीज उच्चार 'झुझे'. गोव्यात 'जुझे' रूढ आहे, तेही चालेल. 'जुआंव' हे नाव देवनागरीत अनुस्वारासह नीट लिहिता येते, इंग्रजीत ते साधत नाही. झुझेचा 'झे', फ्रान्सिश्कूचा 'शिकू', मानुएलचा 'मानेल', जुआकींचा 'किं' ही रोजच्या हाकेची रूपे. ज्ञानोबाचा ग्यानबा होतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला अडचण नाही, पण पुस्तकात आधी दोन्ही रूपे जवळजवळ यायला हवीत. टोपणनावांचे भाषांतर करावे, मूळ नावांचे करू नये. आलेंतेझूच्या गावात टोपणनाव घराण्याला चिकटते आणि नातवापर्यंत जाते. कोण कुणाचा हे त्याच्यावरूनच कळते. म्हाताऱ्या माणसाला नात्याचा नसला तरी 'ती' म्हणजे काका किंवा मावशी लावून हाक मारतात. ते सरळ 'काका', 'मावशी' करावे. 'कोंपाद्र' म्हणजे मुलाचा बाप आणि त्याच्या बाप्तिस्म्याचा धर्मबाप यांचे एकमेकांशी नाते. तो व्याही नव्हे, आणि 'गॉडफादर' तर मुळीच नव्हे. दोन पुरुष नुसत्या सलगीने ती हाक मारीत असतील तिथे 'सोयरे' चांगले बसते.

'तू' आणि 'तुम्ही' हा इंग्रजीतून येण्याचा सर्वांत मोठा तोटा. पोर्तुगीजमध्ये 'तू' आहे, त्यावर 'व्होसेमेसे' आहे, त्यावर 'उ सेन्योर' आहे. जुन्या गावांत मुले आईबापांना एकेरी बोलत नसत. एखादा मजूर मालकाला ज्या पानावर पहिल्यांदा एकेरी बोलतो, ते पान कादंबरीचा कळस असू शकते. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द. मराठी भाषांतरकार अंदाजाने 'तुम्ही' लिहितो, आणि कळस जातो.

झुझे सारामागु यांची १९८० ची 'लेव्हांतादु दु शांव' ही कादंबरी या बाबतीत कसोटीची आहे. आलेंतेझूतल्या माऊ-तेंपु या शेतमजूर घराण्याच्या पिढ्यांची ती गोष्ट. आडनावाचा अर्थच 'वाईट हवामान'. तिच्यातले जमीनदार नोर्बेर्तु, आल्बेर्तु, दागोबेर्तु असे एकाच शेपटाच्या नावांचे आहेत, कारण मजुराला ते सारखेच. ही यमके मराठीत जशीच्या तशी राहिली पाहिजेत. लेखकाला १९९८ चे नोबेल मिळाले, तरी इंग्रजीत हे पुस्तक यायला २०१२ उजाडले. सारामागु संवादाला अवतरणचिन्हे देत नाहीत. स्वल्पविराम येतो, पुढचा शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो, म्हणजे बोलणारा बदलला. देवनागरीत मोठे अक्षर नाही. नुसते स्वल्पविराम ठेवले तर तिसऱ्या ओळीला कोण बोलतो ते कळेनासे होते. अवतरणे घातली तर गावगप्पांचा तो अखंड ओघ तुटतो. उपाय मराठीच्या पोटात आहे. "येतो" म्हणणारा पुरुष, "येते" म्हणणारी बाई, हे क्रियापद सांगते. बाकी 'मालक', 'बा', 'माय', 'लेका', 'व्हय' अशा हाका आणि हुंकार वाक्याच्या तोंडाशी ठेवले की आवाज ओळखू येतात. ही युक्ती इंग्रजी भाषांतरकाराला मिळणारच नव्हती.

पैशांत 'कोंतू' सांभाळावा. एक कोंतू म्हणजे युरो येण्याआधीच्या तिथल्या चलनातले हजार एश्कुदू, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ गोष्ट. यंत्राने केलेल्या भाषांतरात माणूस पाच गोष्टींना खेचर विकतो. 'आल्केर' हे धान्याचे भांड्याने मोजायचे माप, १३ ते १४ लिटरच्या आसपास, गावोगाव थोडे वेगळे. त्याला 'पायली' म्हणू नये, माप जुळत नाही.

हे सगळे एका माणसाने करायचे काम नाही. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवले जाते. भाषा जाणणारी माणसे चार जिल्हे ओलांडले की सापडतात. आपल्या 'पगार', 'घमेलं', 'पिंप', 'परात', 'चावी' या शब्दांच्या मुळाशी पोर्तुगीजच आहे. एक पोर्तुगीज जाणणारा आणि एक मराठवाड्यातला शेतीतली बोली लिहिणारा, असे दोघे बसावेत. पहिले वाक्य लिहिण्याआधी वही करावी: माणसाचे नाव, हाकेचे नाव, टोपणनाव, कोण कुणाला कसे बोलतो, पहिल्यांदा कुठे दिसतो. दुसऱ्या वहीत कामाचे शब्द, प्रत्येकाला ठरवलेला एकच मराठी शब्द. तीस-चाळीस पाने झाली की मागे जाऊन दोन्ही वह्यांशी ताडावे, कारण घसरण तिथेच सुरू होते. प्रकाशकांनी या दोघांचाही मोबदला धरावा. एकाचेच पैसे धरले की दुसरी वही होत नाही. आणि छापायला देण्याआधी खुरपणीचे प्रकरण ज्या बाईने खुरपण केले आहे तिला मोठ्याने वाचून दाखवावे. ती जिथे "असं कुणी म्हणत नाही" म्हणेल, त्या जागी खूण करावी.

कळावे,
आपला,
एक भाषांतरकार, अंबाजोगाई